मोर्चा नव्हता, बाक होतं

कोणी काही सांगायला लागलं की चार वाक्यं होईपर्यंत मावशी गप्प राहायची आणि पाचव्याला म्हणायची, "असं नव्हतं ते." सांगणारा कोणीही असो. तिच्या नवऱ्याला कारखान्यात अपघात झाला होता. एकदा तो स्वतः पाहुण्यांना सांगत होता की मी तीन दिवस दवाखान्यात पडून होतो. मावशी आतून लाटणं हातात घेऊनच बाहेर आली. "असं नव्हतं ते. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी तुम्ही घरी येऊन माझ्यावर ओरडलात." नवरा म्हणाला, "पडलो मी की तू?" मावशी म्हणाली, "पडलात तुम्ही, पण डबा मी आणत होते."

मुलांनी तिचं नाव दुरुस्तीमावशी ठेवलं होतं. तिच्यासमोर कोणी म्हणत नसे, पण तिला माहीत होतं. उल्हासनगर कॅम्प चारमध्ये आमच्या बरॅकीत बावीस घरं होती, निम्मी सिंधी आणि निम्मी आम्ही, आणि बावीस घरांत तिच्या बोलण्याला कंटाळला नाही असा माणूस नव्हता. मीही कंटाळत असे. भाजीवाल्याकडून आल्यावर मी म्हटलं की वांगी महाग झालीत, तर ती म्हणायची, असं नाही, वांगी तेवढीच आहेत, मेथी महाग झालीय. आता यात काय मिळायचं तिला? पण तिला राहवत नसे.

मात्र एकदा तिची दुरुस्ती मला आयुष्यभर पुरली. मी कोणाला तरी सांगत होते की मला काही शिकता आलं नाही, चौथीतच थांबले. मावशी जीन्सच्या पँटी मोजून देत होती, तिनं मानही वर केली नाही. म्हणाली, "असं नव्हतं ते. तुझ्या गावात शाळा चौथीपर्यंतच होती. शाळा थांबली. तू कुठं थांबलीस?"

जीन्सच्या पँटी म्हणजे आमचं घरचं काम. कारखान्यात पँटी शिवून झाल्या की शिलाईचे धागे लोंबत राहतात, ते कटरनं कापायचे. मावशी कारखान्यातून गठ्ठे आणायची आणि आम्हा बायकांना वाटून द्यायची. स्वतः सगळ्यांत जास्त कापायची. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. बरॅकीतल्या मराठी बायकांत चौथीपर्यंत गेलेली मी एकटीच होते, म्हणून लिहायचं काही असलं की ती माझ्याकडे यायची. मी लाजत असे. माझं अक्षर वाकडं आहे आणि चारचौघांत काही बोलायचं झालं की माझा घसा बंद होतो. मावशी म्हणायची, वाकडं असलं तरी माझ्यापेक्षा बरं आहे, लिही.

आमच्या बरॅकीमागच्या मराठी शाळेतही चौथीपर्यंतच वर्ग होते. पाचवीची शाळा रेल्वेच्या रुळांपलीकडे. मुलगे जायचे. मुलींना रूळ ओलांडून कोण पाठवणार? बहुतेक मुली चौथीनंतर घरी बसायच्या आणि आमच्याबरोबर धागे कापायच्या. माझी सुनीता तेव्हा तिसरीत गेली होती. मी रोज तिच्याकडे बघून हिशेब करत असे की आता दोन वर्षं राहिली. घरी हे म्हणाले होते, चौथी होऊ दे, मग बघू. बघू म्हणजे काय ते मला माहीत होतं. माझ्या वडलांनीही मला बघूच म्हटलं होतं.

मी मावशीला सांगितलं. मावशी त्याच आठवड्यात शाळाखात्याच्या कचेरीत गेली. साहेब म्हणाले, आज वेळ नाही, मंगळवारी या. ती मंगळवारी गेली. साहेब म्हणाले, पुढच्या मंगळवारी या. ती घरी आली आणि बायकांना म्हणाली, "त्यांनी आपल्याला वार दिलाय. आता तो सोडायचा नाही."

तिथून ते सुरू झालं. दर मंगळवारी दोन बायकांनी कचेरीत जायचं, साहेबांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसायचं. जाताना पँटींचा गठ्ठा आणि कटर घेऊन जायचं, म्हणजे काम बुडायचं नाही. घोषणा नाही, भांडण नाही. साहेब बाहेर आले की उभं राहायचं आणि एकच विचारायचं, "पाचवीच्या वर्गाचं काय झालं?" ते जे म्हणतील ते ऐकायचं आणि परत बसायचं. पाच वाजता उठायचं. उठताना खाली पडलेला एकेक धागा वेचून पिशवीत भरायचा. मावशी म्हणायची, कचरा केला म्हणून हाकलायला त्यांना कारण द्यायचं नाही. एकदा मी घाईत उठले आणि दोन धागे राहिले. तिनं मला कल्याण रस्त्याच्या नाक्यावरून परत पाठवलं. मी चिडून रडत गेले आणि ते धागे उचलून आणले.

जोड्या तीच लावायची. एक बोलणारी आणि एक न बोलणारी. माझ्या पहिल्या मंगळवारी मी तिला म्हटलं की मावशी, मला विचारता यायचं नाही, मला सोड. ती म्हणाली, "विचारायला दुसरी आहे. तू बस. दिसायला दोन लागतात." मी बसले. साहेब बाहेर आले तेव्हा मी इतक्या घाईत उभी राहिले की मांडीवरची पँट खाली पडली. साहेबांनीच ती उचलून दिली. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी बसा म्हटलं.

संध्याकाळी ती माझ्याकडे यायची आणि मी वहीत लिहायचे. कोण बसलं, साहेब काय म्हणाले, शिपाई काय म्हणाला. काही चुकलं आणि मी खोडायला लागले की ती माझा हात धरायची. खोडायचं नाही. खोडलं की लोकांना वाटतं काहीतरी लपवलंय. चुकलेलं तसंच ठेवायचं आणि खाली खरं लिहायचं.

दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या आधी कचेरीवाल्यांनी ते बाक उचलून नेलं. आमच्या बायका फरशीवर बसल्या. जाणाऱ्या-येणाऱ्यांना पाय ठेवायला जागा उरेना. एक कारकून फायली घेऊन धडपडला. तीन आठवड्यांनी बाक परत आलं. शिपाई हसून म्हणाला, "ताई, बसा वर. तुमच्यापायी मलाच बोलणी बसतायत."

आणि मग एका मंगळवारी साहेबांनी आत बोलावून कागद दाखवला. जूनपासून पाचवीचा एक वर्ग, मुलींना प्रवेश, त्याच इमारतीत. दोन वर्षांना दोन महिने कमी. सुनीता चौथीची परीक्षा देत होती. मी घरी येऊन वहीत लिहिलं आणि पहिल्यांदा मावशीनं काही दुरुस्त केलं नाही.

इथवर सगळं सरळ होतं. पुढचं लिहिताना मला अजून राग येतो.

कुठल्या तरी वर्तमानपत्रात चार ओळी छापून आल्या आणि त्या वाचून श्रावणात टीव्हीची माणसं आली. सामान्य बायकांच्या चळवळीवर माहितीपट करायचा होता. त्यांचा मुख्य माणूस खादीचा सदरा घातलेला, बोलायला गोड. मावशी त्याला सांगत राहिली, बाक कुठं होतं, साहेब काय म्हणायचे, धागे कसे वेचायचो. तो दहा मिनिटं ऐकून म्हणाला, "मावशी, हे सगळं छान आहे. पण बसलेल्या बायका मी किती वेळ दाखवणार? आंदोलन दिसायला पाहिजे. तुम्ही मोर्चा कधी काढलात?"

"मोर्चा नव्हता," मावशी म्हणाली.

"मग आपण एक काढू. प्रतीक म्हणून."

मावशी माझ्याकडे वळून म्हणाली, "सुनीताची आई, वही आण. वाचून दाखव ह्यांना." वही घरात ट्रंकेत होती. वीस पावलांवर. सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. त्यांच्यातली एक बाई तर चष्मा सावरून बघत होती. मला माझं अक्षर आठवलं, त्यातल्या चुका, खाली लिहिलेल्या दुरुस्त्या. मी म्हटलं, सापडत नाही. मावशीला कळलं की मी खोटं बोलतेय. तेवढं एक तिनं दुरुस्त केलं नाही.

मग त्यांनी आम्हाला गल्लीच्या तोंडाशी उभं केलं. मुलींच्या पाट्या आमच्या हातांत दिल्या आणि वर धरायला सांगितल्या. घोषणा त्यांनीच कागदावर लिहून आणल्या होत्या. आम्ही चालत आलो की तो म्हणायचा, पुन्हा, जरा चिडून. अर्ध्या बायकांना हसू येत होतं. चारदा चालवलं. मावशी कॅमेऱ्याच्या शेजारी उभी होती आणि प्रत्येक वेळी मोठ्यानं म्हणत होती, "असं नव्हतं ते." आवाज धरणाऱ्या माणसानं कानावरचं काढून ठेवलं. शेवटी ती चष्मेवाली बाई मावशीला चहा प्यायला घेऊन गेली. म्हणून त्या माहितीपटात मावशी कुठेच नाही. गल्ली आहे, शाळा आहे, आम्ही आहोत. साहेबही आहेत, हसत फीत कापताना.

मला त्यांनी दारात बसवून विचारलं, तुम्हाला त्या वेळी काय वाटलं? मी पदर तोंडाला लावला आणि जमिनीकडे बघत राहिले. ते तेच घेऊन गेले.

थंडीच्या दिवसांत तो टीव्हीवर लागला. आमच्या बरॅकीत रंगीत टीव्ही लाजवंती भाभीकडे, कोपऱ्यावरच्या कापडदुकानवाल्याच्या बायकोकडे. तिच्या खोलीत आम्ही वीस-पंचवीस बायका दाटीवाटीनं बसलो. सुरुवातीला सूर्य उगवला. मग पाय. नुसते पाय, चिखलातून चालणारे. मग ढोल, जो आमच्या इथं कोणी वाजवला नव्हता. आणि तो आवाज, देवळाच्या भोंग्यासारखा, म्हणाला, आणि एका सकाळी या स्त्रिया पेटून उठल्या.

"कुठल्या सकाळी?" मावशी म्हणाली. "मंगळवार तरी म्हण."

नंतर मी आले, पदर तोंडाला. आवाज म्हणाला की हिच्या मौनात पिढ्यान्‌पिढ्यांचं दुःख साठलेलं आहे. बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी गप्प होते कारण चुलीवर दूध होतं आणि मला ते दिसत नव्हतं. ते उतूही गेलं. पण हे कोणाला सांगणार?

संपल्यावर लाजवंती भाभी कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "अरे, तुम लोगों ने मोर्चा निकाला कब? हमको बताया भी नहीं. मैं भी आती." सगळ्या हसल्या. मावशी हसली नाही. ती उठून चपला शोधायला लागली.

त्यानंतर टीव्हीवर असा कुठलाही माहितीपट लागला, कुठल्याही गावाचा, कुठल्याही लढ्याचा, की मावशी पुढं काय येणार ते आधीच सांगायची. आता पाय दाखवतील. आता म्हातारीच्या सुरकुत्या. आता एक पोर कॅमेऱ्याकडे बघून हसेल. आणि तसंच व्हायचं. ती म्हणायची, या बायका घरी कधी गेल्या, स्वयंपाक कोणी केला, दुसऱ्या दिवशी परत कोण गेलं, हे का दाखवत नाहीत? सगळं एका दिवसात होतं, तर मग आपण दोन वर्षं काय करत होतो? मला त्याचा इतका कंटाळा आला होता की एकदा मी म्हटलं, मावशी, जाऊ दे ना, वर्ग तर मिळाला. ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मी विषय बदलला.

ती बरोबर होती हे मला जूनमध्ये कळलं. अंबरनाथच्या पलीकडच्या एका वस्तीतून तीन बायका मावशीला शोधत आल्या. त्यांच्याकडेही शाळा चौथीपर्यंतच. त्यांनी टीव्हीवर आम्हाला पाहिलं होतं आणि सगळं तसंच केलं होतं. पाट्या घेतल्या, घोषणा पाठ केल्या, वाजवायला ढोलसुद्धा मिळवला. वाजतगाजत त्यांच्या कचेरीवर गेल्या, तर साहेब दौऱ्यावर. शिपायानं फाटक लावून घेतलं. एप्रिलमध्ये पुन्हा गेल्या. तेव्हा एका साहेबानं निवेदन घेतलं आणि फोटोही काढू दिला. मग घरची माणसं म्हणाली, झाला ना मोर्चा, आता पुरे. जून उजाडला. पाचवीचा वर्ग नाही. मुली घरी.

त्यांच्यातली मोठी बाई म्हणाली, "मावशी, आम्ही सगळं तुमच्यासारखंच केलं हो. आमचं कुठं चुकलं?"

मावशीनं विचारलं, "साहेबांनी तुम्हाला वार कुठला दिलाय?"

त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. "वार? कसला वार?"

मावशीनं हातातली पँट उलटी केली आणि कापून झालेले धागे परत शोधत बसली. मग म्हणाली, "तुमचं नाही चुकलं. त्या टीव्हीच्या डब्यानं तुमच्या पोरींचं वरीस खाल्लं." आणि माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. पण मी उठले, घरी गेले, ट्रंक उघडली आणि वही घेऊन आले.

त्या वर्षी आम्ही दोघी दर आठवड्याला बसनं अंबरनाथला गेलो. त्या बायकांना गुरुवार मिळाला. मावशीनं तिथंही जोड्या लावल्या, एक बोलणारी आणि एक न बोलणारी. त्यांच्याकडे धाग्यांचं काम नव्हतं, त्या गोधड्या शिवत बसायच्या. मावशी मला म्हणायची, तू वाचून दाखव. मी उभी राहायचे, घसा बंद व्हायचा, मग वही मी धरायचे आणि ती तोंडानं सांगायची. तिला एकही पान वाचता येत नव्हतं, पण कुठल्या पानावर काय आहे ते तिला ठाऊक होतं. पुढच्या जूनमध्ये त्यांचा वर्ग सुरू झाला. टीव्हीवाले तिकडे आले नाहीत. ज्या मुलींचं वर्ष गेलं त्यांतल्या काही आल्या. सगळ्या नाही आल्या.

पुढं मावशीचे मिस्टर गेले. मुलानं बदलापूरला घर घेतलं आणि तिला घेऊन गेला. सुनीता तोवर कॉलेजात गेली होती. मी वर्षा-सहा महिन्यांनी बदलापूरला जात असे. काळ्या-निळ्या पँटींवरचे धागे बघून बघून तिचे डोळे गेले होते. पुढं पुढं आठवणीही सरमिसळ व्हायला लागल्या. सूनबाई चांगली होती, दिवसभर टीव्ही लावून द्यायची, म्हणजे सासूला सोबत. तो माहितीपट अधूनमधून पुन्हा दाखवत. मावशीला दिसत नसे, पण आवाज ऐकायला यायचा.

शेवटच्या वेळी गेले तेव्हा ती पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. माझा हात हातात घेतला. सूनबाईला म्हणाली, "ही पण होती गं. केवढा मोर्चा निघाला होता आमचा. सकाळची वेळ. सगळ्या बायका पाट्या घेऊन. पुढं ढोल."

सूनबाई माझ्याकडे बघून हसली. मला वाटलं माझ्या पायांखालून कोणी काहीतरी काढून घेतलं. जगात हे दुरुस्त करणारी एकच बाई होती आणि तीच आता असं सांगत होती. मला तिचा राग आला. खरंच आला. आजारी माणसावर रागावू नये हे मला कळतं, पण आला.

मी म्हटलं, "मावशी, असं नव्हतं ते."

आयुष्यात पहिल्यांदा हे मी कोणाला म्हणत होते आणि तेही तिलाच. ती दचकली. आंधळ्या डोळ्यांनी माझ्याकडे तोंड केलं. "मग कसं होतं?"

मी सांगायला लागले. मंगळवार. बाक. एक बोलणारी, एक न बोलणारी. साहेबांनी उचलून दिलेली पँट. नाक्यावरून परत पाठवलं होतंस, दोन धाग्यांसाठी. घसा बंद झाला नाही, सूनबाई ऐकत होती तरीही. मावशी नुसती हूं हूं करत होती. तिला आठवतंय की नाही तेच कळेना. मी म्हटलं, मग दिवाळीच्या आधी त्यांनी बाक उचललं.

"असं नव्हतं ते," मावशी म्हणाली. "दिवाळीनंतर. फरशीवर बसलेल्यांनी फराळाचा डबा उघडला होता. शिपायाला चकली दिली. म्हणून तर बाक परत आलं."

मी हात सोडला नाही. घरी येऊन वही बघितली. दिवाळीनंतरच होतं. चकलीसुद्धा लिहिलेली होती, माझ्याच अक्षरात.

त्यानंतर तीन महिन्यांनी ती गेली. तेराव्याला तिचा मुलगा आलेल्यांना सांगत होता की आईनं केवढा मोठा मोर्चा काढला होता, टीव्हीवर दाखवलाय. माणसं माना हलवत होती. मला उठून बोलायचं होतं, पण पुरुषमाणसं पुष्कळ होती आणि माझा घसा पुन्हा बंद झाला. जेवून परत आले. येताना सगळ्या वाटेत स्वतःवर चिडत होते.

म्हणून हे लिहून ठेवलं. मंगळवारच्या त्याच वहीत मागची पानं कोरी होती.

आता वाचून बघते तर मी वर पुन्हा बाक दिवाळीच्या आधी उचललं असंच लिहून बसलेय. खोडत नाही. खाली खरं लिहिते. दिवाळीनंतर.